किसिमी: सरळ केलेली नदी पुन्हा वाकवताना

फ्लोरिडातल्या किसिमी नदीचं सरळीकरण 1971 साली पूर्ण झालं. त्याच वर्षी राज्याच्या गव्हर्नरांनी बोलावलेल्या पाणी परिषदेत शिफारस झाली, की या नदीच्या कोरड्या पडलेल्या दलदली पुन्हा पाण्याखाली आणाव्यात. नऊ वर्षं खपून खोदलेला कालवा वापरात येतो न येतो तोच तो मोडायची भाषा सुरू झाली होती. बुजवण्याचं पहिलं मोठं काम प्रत्यक्षात 1999 मध्ये सुरू झालं आणि शेवटचं 2021 मध्ये संपलं.

मधल्या पन्नास वर्षांत काय ठरलं, का ठरलं आणि कुठे गणित चुकलं, याची ही नोंद. माणसांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, भूमिका तेवढ्या सांगितल्या आहेत. नदी पुनरुज्जीवनाचं बोलणं निघालं की नकाशावरच्या रेघेला फार भाव येतो. वळणं परत आणली की नदी परत आली, असं धरलं जातं. किसिमीत वळणं परत आली. पुराचा जुना हंगाम मात्र अजून पुरता परतलेला नाही. माझ्या मते हे प्रकरण वाचावं ते याच फरकासाठी.

पार्श्वभूमी

ऑर्लँडोच्या दक्षिणेला तळ्यांची एक माळ आहे. त्या माळेतलं शेवटचं तळं म्हणजे किसिमी तळं. तिथून निघालेली नदी ओकीचोबी या विस्तीर्ण, उथळ सरोवराला मिळते. दोन्हींमधलं अंतर 90 किलोमीटरच्या आसपास, पण नदी ते कापायला 166 किलोमीटर वाहायची. उतार जवळजवळ नाहीच: दर किलोमीटरला सुमारे सात सेंटिमीटर. इतक्या सपाट जमिनीवर पाण्याला घाई नसते. ते वळसे घेतं, पसरतं, महिनोन्‌महिने रेंगाळतं. नदीच्या दोन्ही बाजूंना मिळून दीड ते तीन किलोमीटर रुंदीचं पूरमैदान होतं आणि त्याचा बराचसा भाग वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस पाण्याखाली असे. त्यामुळे ‘नदी कुठे संपते आणि काठ कुठे सुरू होतो’ हा प्रश्नच इथे फारसा लागू नव्हता. पूर हा या नदीचा नेहमीचा पसारा होता. तो कधी येतो यापेक्षा कधी ओसरतो हे महत्त्वाचं.

वस्ती वाढली तसं हे बदललं. 1947 साली भरपूर पावसानंतर चक्रीवादळं आली आणि मध्य व दक्षिण फ्लोरिडा पाण्याखाली गेला. 1948 मध्ये अमेरिकी काँग्रेसने या साऱ्या प्रदेशासाठी एक मोठी पूरनियंत्रण योजना मंजूर केली. तिच्यातल्या किसिमीच्या भागाला 1954 मध्ये मंजुरी मिळाली, आणि 1962 ते 1971 या काळात लष्कराच्या अभियांत्रिकी दलाने काम केलं. नदीच्या जागी 90 किलोमीटर लांब, सुमारे 9 मीटर खोल आणि काही ठिकाणी 100 मीटर रुंदीचा कालवा आला. त्याचं नाव सी-38. त्यावर दरवाजांची सहा बांधकामं झाली, एस-65 आणि पुढे ए पासून ई पर्यंत. नदीचे पाच टप्पे पडले. प्रत्येक टप्प्यातलं पाणी एका पातळीला धरलेलं, आणि पुढच्या टप्प्यात सुमारे सहा फुटांनी खाली.

अभियंत्यांवर अन्याय नको. त्यांना जे सांगितलं होतं ते त्यांनी चोख केलं. पूर आटोक्यात आला, काठावरची जमीन कोरडी झाली, तिथे कुरणं उभी राहिली. वरच्या खोऱ्यातल्या वाढत्या वस्तीचं पाणी झटपट खाली जाऊ लागलं. ज्या वर्षी कालवा पूर्ण झाला त्याच वर्षी त्या वरच्या भागात डिस्ने वर्ल्ड उघडलं, हा योगायोग असेल. पण वरच्या तळ्यांच्या काठावर किती दडपण येऊ घातलं होतं याचा अंदाज त्यावरून यावा. हे दडपण पुढे शेवटच्या भागात पुन्हा भेटणार आहे.

काय बिघडलं

12 ते 14 हजार हेक्टर पाणथळ जमीन कोरडी झाली. जुन्या नदीचा काही भाग कालव्यानेच गिळला, काही उकरलेल्या मातीखाली गाडला गेला. उरलेली वळणं कालव्याच्या दोन्ही बाजूंना तशीच पडून राहिली. त्यांत पाणी होतं, वाहणं नव्हतं. जलपर्णीसारख्या तरंगत्या वनस्पतींनी ती झाकली. त्या मरून तळाशी बसल्या, तळाच्या वाळूवर कुजक्या गाळाचा जाड थर चढला आणि तो गाळ पाण्यातला प्राणवायू खाऊ लागला. पावसाळ्यात तिथे विरघळलेल्या प्राणवायूचं प्रमाण लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅमवर आलेलं असे. एवढ्यात टिकतात ते गार आणि बोफिनसारखे मासे, जे पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतात. ज्या लार्जमाउथ बाससाठी गळ टाकणारे लोक दुरून यायचे, त्यांचे दिवस गेले.

हिवाळ्यात येणारी बदकं 90 टक्क्यांहून अधिक घटली. बगळ्यांच्या बाबतीत झालेला बदल तर पाहण्यासारखा आहे. संख्या मोजायला वरून उडालं तर बगळे दिसायचे, पण ते बहुतेक गायबगळे. म्हणजे पाण्यात मासा टिपणाऱ्या पक्ष्यांच्या जागी गुरांच्या पायाशी किडे टिपणारा पक्षी आला होता. नुसतं ‘बगळे किती’ एवढंच विचारलं असतं तर नदी बरी आहे असंच उत्तर मिळालं असतं.

मूळ दुखणं एकच होतं, बाकी सारी त्याची लक्षणं. कालवा इतका मोठा होता की कितीही पाणी आलं तरी ते त्याच्या पोटात मावायचं. पाणी काठाबाहेर पडायचं कारणच उरलं नव्हतं. वर्षभर पातळी एकसारखी धरलेली, त्यामुळे पूरमैदानाला भिजणंही नाही आणि हळूहळू सुकणंही नाही. आणि दरवाजे कधी उघडायचे हे वरच्या तळ्यांच्या सोयीने ठरत होतं, म्हणून कालव्यात कधी लोंढा यायचा, कधी महिनोन्‌महिने काहीच नाही.

चुकीच्या कारणाने मिळालेला पाठिंबा

लोकांचा राग सुरुवातीला नदीसाठी नव्हताच. तो ओकीचोबी सरोवरासाठी होता. सरोवरात शेवाळ माजत होतं आणि त्याला खतपाणी घालणारा फॉस्फरस सी-38 मधून थेट येतो, पाणथळ जमीन असती तर तो गाळला गेला असता, असा युक्तिवाद होता. 1976 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने किसिमी पुनर्स्थापनेचा कायदा केला आणि एक समन्वय परिषद नेमली, त्यामागे हा मुद्दा मोठा होता.

पुढच्या अभ्यासांत चित्र वेगळं निघालं. सरोवराच्या उत्तरेकडच्या, गोठ्यांनी भरलेल्या एका छोट्या खोऱ्यातून, टेलर क्रीक आणि नबिन स्लू या ओढ्यांतून, पाण्याच्या मानाने कितीतरी जास्त फॉस्फरस येत होता. किसिमीचा वाटा होता, पण कालवा बुजवून सरोवर सुधारेल असं म्हणणं टिकेना. इथे प्रकल्प बारगळला असता. ज्या कारणासाठी लोक जमले ते कारणच कच्चं निघालं, तर पुढे कशाच्या नावावर जायचं?

त्यात दुसरा अडसर आला. अभियांत्रिकी दलाने 1978 ते 1985 असा व्यवहार्यतेचा अभ्यास केला. त्या वेळचे केंद्राचे नियम असे, की योजनेचा राष्ट्रीय आर्थिक फायदा खर्चाहून जास्त हवा. बदकं, मासे, दलदल यांना त्या हिशोबात फारसं स्थान नव्हतं. निष्कर्ष आला की पुनर्स्थापनेची शिफारस करता येत नाही. खोदताना पूरनियंत्रणाचा फायदा मोजता आला होता, बुजवताना काहीच मोजता येईना.

पहिला निर्णय: मोठ्या प्रयोगाआधी छोटा प्रयोग

राज्याच्या जलव्यवस्थापन संस्थेने केंद्राची वाट न पाहता 1984 मध्ये कालव्याच्या ‘बी’ टप्प्यात एक चाचणी सुरू केली. कालव्यात आडवे लोखंडी पत्रे ठोकून तीन बंधारे उभारले. मध्ये होड्या जाण्यापुरती खाच ठेवली. कल्पना सोपी होती: कालव्यात पाणी अडलं की ते बाजूच्या मेलेल्या वळणांत शिरेल.

शिरलं. वाहत्या पाण्याने वळणांतला कुजका गाळ हलला, खालची वाळू उघडी पडू लागली. ज्या पूरमैदानावर पाणी चढलं तिथे पाणवनस्पती कुणी न लावता उगवल्या. बी जमिनीत होतं, किंवा पाण्याबरोबर आलं. या एका निरीक्षणामुळे पुढे हजारो हेक्टरवर रोपं लावण्याचा खर्च टळला. लागवड करायची नाही, पाणी द्यायचं आणि वाट पाहायची, असं ठरलं. (या भरवशाची दुसरी बाजू निकालात येईल.)

पण चाचणीने जास्त शिकवलं ते तिच्या अपयशाने. वरून लोंढा सोडला की पाणी भराभर चढायचं, दरवाजा बंद केला की भराभर उतरायचं. पूरमैदानावरून घाईने परतणारं पाणी प्राणवायू हरवून बसलेलं असतं, ते एकदम पात्रात आलं की मासे मरतात. पात्राला आकार मिळाला होता, पाण्याला हंगाम मिळाला नव्हता. बंधाऱ्यांचा फायदाही त्यांच्या पाठीमागच्या थोड्या पट्ट्यापुरताच होता.

पर्याय

समांतरपणे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत नदीच्या एका भागाची प्रतिकृती बांधून त्यात पाणी सोडून पाहिलं गेलं, गणिती प्रारूपंही तयार झाली. 1990 च्या अहवालात चार पर्याय मांडले गेले.

पहिला पर्याय बंधाऱ्यांचा. स्वस्त, आणि नको वाटलं तर काढता येण्याजोगा. पण कालवा शाबूत राहतो, पाणी पुन्हा त्यात उतरतं, देखभाल कायमची मागे लागते. दुसरा पर्याय कालव्यात ठरावीक अंतरावर मातीच्या गुडद्या, म्हणजे बुचं, मारण्याचा. यातही गुडद्यांच्या मधे खोल डबकी राहतात आणि मोठ्या पुरात गुडदी पोखरली जाण्याची भीती असते. तिसरा आणि चौथा पर्याय कालवा बुजवण्याचे. तिसऱ्यात मर्यादित भाग बुजवायचा, चौथ्यात मधला लांबलचक भाग सलग बुजवायचा आणि त्यातले दरवाजेही पाडायचे.

खर्चाच्या क्रमाने पाहिलं तर चौथा सगळ्यांत महाग. तरीही शिफारस त्याचीच झाली, आणि ती का झाली हे या प्रकरणातलं सगळ्यांत शिकण्यासारखं पान आहे.

दुसरा निर्णय: मोजपट्टी कोणती

तोवर प्रत्येकाची आपली नदी होती. मासेमाराला बास हवा होता, शिकाऱ्याला बदकं, सरोवरवाल्यांना स्वच्छ पाणी, पर्यावरणवाद्यांना गरुड. प्रत्येक पर्याय कुणाच्या ना कुणाच्या मापाने बरा ठरायचा. संस्थेतल्या जीवशास्त्रज्ञांनी आणि 1988 च्या ऑर्लँडोतल्या परिसंवादात जमलेल्या तज्ज्ञांनी हा खेळच बदलला. उद्दिष्ट एखादा जीव नाही, सगळ्या परिसंस्थेची अखंडता, असं त्यांनी मांडलं. आणि ती आणता येत नाही, ती येण्यासाठी लागणारं पाणी तेवढं आणता येतं, हेही मान्य केलं. मग जुन्या, कालव्याआधीच्या नोंदींवरून पाण्याच्या पाच अटी काढल्या.

प्रवाह वर्षभर अखंड हवा, आणि त्याचा चढउतार जुन्या हंगामांप्रमाणे हवा. पाणी पात्रात असताना त्याचा सरासरी वेग सेकंदाला साधारण 0.3 ते 0.55 मीटर हवा. विसर्ग 1400 ते 2000 क्युसेकच्या पुढे गेला की पाणी काठाबाहेर पडलं पाहिजे. ओसरताना पातळी महिन्याला 30 सेंटिमीटरहून जास्त वेगाने उतरू नये. आणि पूरमैदान पूर्वीइतके दिवस, पूर्वीइतक्या वेळा भिजलं पाहिजे.

या अटी साध्या दिसतात, पण त्यांनी वाद मिटवला. बंधारे, गुडद्या, मर्यादित भराव यांपैकी एकही सगळ्या अटी पुऱ्या करू शकत नव्हता. वेग जमला तर ओसरणं जमेना, ओसरणं जमलं तर भिजण्याचा काळ जमेना. सलग भराव हा एकच पर्याय उरला. ‘सगळ्यांत महाग’ या आक्षेपाला उत्तर मिळालं, की बाकीचे स्वस्त आहेत कारण ते काम पुरं करत नाहीत.

चौथ्या अटीकडे पुन्हा पाहावं. महिन्याला 30 सेंटिमीटर. पूर कसा येतो याची आकडेमोड सगळे करतात, तो कसा जातो याची अट घालणारा प्रकल्प विरळा. चाचणीत मेलेले मासे या ओळीत जमा झाले आहेत.

तिसरा निर्णय: कुठे थांबायचं

नियमही तोवर सैल झाले होते. 1986 च्या कायद्याने जुन्या प्रकल्पांत पर्यावरणासाठी बदल करण्याची वाट उघडली. केंद्राचा दुसरा अभ्यास 1991 अखेर आला आणि 1992 च्या जलसंपदा कायद्यात काँग्रेसने प्रकल्प मंजूर केला. खर्च राज्य आणि केंद्र निम्मा निम्मा.

पण अट होती: आजच्या घडीला ज्यांना पूरसंरक्षण मिळालं आहे त्यांचं ते जाता कामा नये. त्यामुळे पूर्ण कालवा बुजवण्याचा विषयच नव्हता. वरच्या टोकाला कालवा राहणार, कारण तळ्यांकाठच्या वस्तीचं पाणी वाहून न्यायला तो लागतो. खालच्या टोकालाही राहणार. बुजवायचा तो मधला भाग. त्यातही आधी ठरलेली लांबी पुढे कमी झाली. शेवटी 35 किलोमीटर कालवा बुजला. म्हणजे 90 पैकी निम्म्याहून अधिक अजून आहे. या कामाला ‘किसिमी पुन्हा पूर्ववत झाली’ असं म्हणणारे लेख मी बरेच वाचले. ते खरं नाही, आणि प्रकल्पाच्या कागदांत तसा दावाही नाही.

पाणी पसरणार म्हणजे कुणाच्या तरी जमिनीवर पसरणार. काठावरच्या जमीनमालकांचा विरोध होता, आणि तो समजण्यासारखा होता. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सरकारनेच ही जमीन कोरडी करून दिली, तिच्यावर गुरं पोसली, आता तेच सरकार ती परत बुडवायला निघालेलं. एकूण एक लाख एकरांहून जास्त जमीन टप्प्याटप्प्याने घ्यावी लागली. माझ्या वाचनात या प्रकल्पाचा वेळ कुदळ-फावड्यापेक्षा जमिनीच्या कागदांत जास्त गेला.

काम

1994 मध्ये आधी फक्त 300 मीटर कालवा बुजवून पाहिला. भराव टिकतो का, किती गढूळपणा खाली जातो, यंत्रं कशी चालवायची, हे त्यातून कळलं. पाच वर्षं गेली. 1995 ते 1999 दरम्यान ‘आधीची’ स्थिती नोंदवण्याचं काम झालं, आणि वरचा ‘ए’ टप्पा तुलनेसाठी मुद्दाम हात न लावता ठेवला. 25 अपेक्षा आकड्यांसह लिहून ठेवल्या: प्राणवायू एवढा, बगळे एवढे, वाळूचा तळ एवढा. यश आधी लिहून ठेवलं की नंतर ते हवं तसं ताणता येत नाही.

जून 1999 मध्ये भरावाच्या कामाचा पहिला टप्पा सुरू झाला. माती बाहेरून आणायची नव्हती. खोदताना काढलेले ढीग 30 वर्षं कालव्याच्या कडेला पडून होते, तेच परत आत ढकलायचे. त्यात दुहेरी लाभ होता, कारण ते ढीग स्वतःच पाण्याला पूरमैदानावर पसरू देत नव्हते. जिथे जुनं पात्र उरलंच नव्हतं तिथे ते जुन्या हवाई छायाचित्रांच्या आधारे नव्याने कोरलं. जून 2000 मध्ये एस-65बी हा दरवाजा सुरुंग लावून पाडला. फेब्रुवारी 2001 पर्यंत 12 किलोमीटर कालवा बुजला आणि सुमारे 24 किलोमीटर नदी सलग वाहण्याजोगी झाली.

वाहण्याजोगी झाली, वाहिली मात्र नाही. नेमका तेव्हा दुष्काळ पडला आणि वरून पाणीच सुटेना. महिनोन्‌महिने प्रवाह शून्य. नव्या पात्राची पहिली परीक्षा पुराची होईल असं धरलेलं, झाली ती कोरडेपणाची.

पुढचे टप्पे 2006 ते 2009 दरम्यान वरच्या बाजूला झाले. एस-65सी पाडायला 2017 उजाडलं, आणि सगळं बांधकाम 2021 च्या जुलैमध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. एकूण खर्च शंभर कोटी डॉलरच्या जवळ गेला. कालवा खोदायला सुमारे साडेतीन कोटी लागले होते. मधल्या काळातली महागाई धरली तरी फरक डोळ्यांत भरतो, आणि त्यात जमिनीचा वाटा मोठा आहे.

निकाल

पात्रात जे व्हायचं ते लवकर झालं. गाळ वाहून गेला, वाळू दिसली, वळणांच्या आतल्या बाजूला वाळूचे नवे पट्टे तयार झाले. काठाला चिकटून पात्र अरुंद करणाऱ्या तरंगत्या वनस्पती मागे सरकल्या. प्राणवायू वाढला, पावसाळ्यासाठी लिहिलेली अपेक्षा 3 ते 6 मिलिग्रॅमची होती आणि पाणी त्या दिशेला गेलं. बास आणि सनफिश वाढले.

पक्षीही आले. कोरड्या ऋतूत दर चौरस किलोमीटरला 30.6 पाणबगळे ही अपेक्षा होती, आणि त्यांत गायबगळे धरायचे नाहीत असं ठरलेलं होतं. पहिल्या टप्प्यानंतर बहुतेक वर्षांत हा आकडा ओलांडला गेला, दुष्काळी वर्षांत घसरला. मात्र हे पक्षी येतात ते खायला. घरट्यांच्या मोठ्या वसाहती अपेक्षेइतक्या बसल्या नाहीत. बगळा घरटं बांधतो ते पिल्लं उडेपर्यंत अन्न हाताशी राहील या बेताने. पाणी हळूहळू आटत गेलं की उथळ डबक्यांत मासे गोळा होत राहतात. मध्येच पातळी उडी मारून चढली किंवा झपकन उतरली की तो बेत फसतो. 30 सेंटिमीटरची अट पक्ष्याला अशी लागू होते.

सगळ्यांत मागे राहिलं ते पूरमैदान. रुंद पानांच्या पाणवनस्पतींची दलदल, जी या नदीची ओळख होती, ती हवी तितकी पसरली नाही. तिला वर्षातले बरेच महिने खोल पाणी लागतं. पाणी कमी काळ टिकलं तर तिच्याऐवजी उथळ पाण्यातलं गवत येतं. आणि ‘वाट पाहा, आपोआप उगवेल’ या धोरणाचा फायदा उपऱ्यांनीही घेतला. चाऱ्यासाठी आणलेलं पॅरा गवत, वेस्ट इंडियन मार्श गवत, झाडांवर चढणारं परदेशी नेचं, या सगळ्यांना मोकळी ओली जमीन मिळाली. चाचणीच्या वेळी, लहान क्षेत्रावर, हा धोका इतका दिसला नव्हता.

पाणी का टिकलं नाही

उत्तर वरच्या तळ्यांत आहे. मूळ आराखड्याचे दोन भाग होते. एक खालच्या खोऱ्यातला भराव, ज्याचे फोटो सगळीकडे दिसतात. दुसरा, तळ्यांतलं पाणी धरण्याची पद्धत बदलणं. किसिमी तळं आणि त्याच्या शेजारच्या दोन तळ्यांची कमाल पातळी 52.5 फुटांवरून 54 फुटांवर न्यायची, म्हणजे दीड फूट जास्त पाणी साठेल आणि ते नदीला जुन्या हंगामाप्रमाणे, हळूहळू सोडता येईल. पाच अटींपैकी पहिली, चौथी आणि पाचवी या दीड फुटावर उभ्या आहेत.

हा दीड फूट बांधकामाबरोबर आला नाही. तळ्यांच्या काठची जमीन घेणं, नाले आणि दरवाजे मोठे करणं लांबत गेलं. 2021 मध्ये बांधकाम पूर्ण झाल्याचा समारंभ झाला तेव्हाही तळी तात्पुरत्या वेळापत्रकावरच चालत होती. पात्र नव्या नदीचं आणि पाणी बऱ्याच अंशी जुन्या कालव्याच्या सवयीचं, अशी वीस वर्षं गेली. त्यातच एस-65सी 2017 पर्यंत उभा होता, त्यामुळे पहिल्या टप्प्याच्या खालच्या भागातली पातळी नदीने नव्हे तर त्या दरवाजाने ठरवली.

दरवाजे चालवणाऱ्यांनी यातून वाट काढली. पावसाळ्याच्या तोंडी विसर्ग एकदम वाढवला तर प्राणवायू कोसळतो हे दिसल्यावर तो पायरीपायरीने वाढवण्याची पद्धत बसवली. पण वर साठवायला जागाच नसेल तर हळू सोडण्यालाही मर्यादा येते.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा. आधी तळी, मग भराव. असं म्हणणं आज सोपं आहे, हे कबूल. 1999 मध्ये भराव सुरू झाला नसता तर 1992 ची मंजुरी आणि तिच्यामागचा पाठिंबा विरून गेला असता. दिसणारं काम आधी करण्याला राजकीय अर्थ होता. पण निदान तळ्यांकाठची जमीन पहिल्या दिवसापासून घ्यायला हवी होती. नदीकाठची कुरणं नंतरही कुरणंच राहिली असती, तळ्यांकाठी मात्र दर वर्षी घरं वाढत होती.

उपऱ्या वनस्पतींसाठी वेगळा, कायमचा निधी पहिल्या भरावाआधी बांधून ठेवायला हवा होता. ‘निसर्ग आपलं आपण करील’ हे धोरण बरोबर होतं, फक्त आज त्या निसर्गात पॅरा गवतही आहे.

फॉस्फरसचा मुद्दा वेळीच सोडला हे मला बरोबर वाटतं. त्याने लोकप्रियता कमी झाली असेल, पण तो धरून ठेवला असता तर 2001 नंतर दर उन्हाळ्यात सरोवरात शेवाळ आलं की प्रकल्प फसला असंच लोक म्हणाले असते.

आणि 1954 चा निर्णय? तेव्हा पुराला जागा देऊन वस्ती मागे ठेवण्याचा विचार गंभीरपणे झाला असता तर ती जमीन कवडीमोलाने घेता आली असती. पण त्या वेळी पूरमैदानाकडे पाहणाऱ्याला तिथे पडीक दलदलच दिसायची, ती काही कामाची आहे हे दाखवणारा हिशोब कुणाकडे नव्हता. तो हिशोब मांडायला कालवा खोदून पाहावा लागला.

किसिमी तळ्याच्या तोंडावरचा एस-65 अजून उभा आहे. नदीला दर आठवड्याला किती पाणी जायचं हे आजही तिथे, तळ्यांकाठच्या अंगणांकडे एक डोळा ठेवूनच, ठरतं.